परतीची वायर

अण्णांच्या घरात दिवा लावायचा असेल तर आधी चपला घालाव्या लागतात. बाहेरून आलेल्या माणसाने स्वतःच्या चपला दारात काढायच्या, आत यायचं, आणि बटणाला हात लावण्यापूर्वी बोर्डाखालच्या खिळ्याला टांगलेल्या निळ्या रबरी चपला पायात सरकवायच्या. अण्णा त्यांना 'लाईटीच्या चपला' म्हणतात. दोन्ही डाव्या पायाच्या आहेत. उजव्या कुठे गेल्या, असं मी एकदा विचारलं होतं.

"करंटला डावं-उजवं कळत न्हाय, भाऊसाहेब," अण्णा म्हणाले.

मी लोहाऱ्याला तहसीलमध्ये कारकून आहे, म्हणून गल्लीचा भाऊसाहेब. माझ्या घराचं वायरिंग बिघडलं तेव्हा वायरमनच्या शब्दावर विसंबायला नको म्हणून मी व्होल्ट मोजायचा एक मीटर विकत आणला. तेव्हापासून कुणाचा पंखा गुरगुरला तरी बोलावणं मलाच येतं. सगळ्यात जास्त फेऱ्या अण्णांकडे झाल्या. पहिल्याच दिवशी त्यांच्या नळाला पंचेचाळीस व्होल्ट निघाले आणि फ्रिजच्या दाराला साठ. अण्णांच्या पत्नी शांताकाकू नळ पदराने धरूनच फिरवायच्या. अर्थिंगची हिरवी वायर बोर्डातून भिंतीत शिरली होती आणि भिंतीतच संपली होती. जोडांवर टेपऐवजी दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलेलं होतं.

हे सगळं वाटणीच्या वेळी घाईत उरकलेलं काम. अण्णा आणि त्यांचा धाकटा भाऊ बाबूराव एकाच घरात राहायचे. वाटणी झाली, मधोमध भिंत आली, विजेचे दोन मेन स्विच झाले आणि बोलणं थांबलं. भिंत चार इंच आपल्या बाजूला सरकली, असं अण्णांचं म्हणणं. मी टेप लावून पाहिला आहे. फरक पावणेदोन इंचांचा आहे, आणि तोही अण्णांच्या फायद्याचा. ते त्यांना सांगून उपयोग नव्हता.

भावाचं नाव ते घेत नसत. 'पलीकडचा' म्हणत.

वायरिंग नव्याने करून घ्या, असं मी अनेकदा सुचवलं. अण्णा नाही म्हणत नसत. वायरमनला बोलवत, आणि ओसरीवरच त्याची परीक्षा घेत.

"तुझ्या घरी शॉक बसतो का?"

"न्हाय, अण्णा."

"मग तुला शॉकातलं काय कळणार? जा."

दुसरा आला. त्याला पहिल्याचा निकाल माहीत होता. तो म्हणाला, "बसतो की, कधीमधी."

"सोताचं घर नीट करता येईना, माझं काय करतूस?"

लोहाऱ्यातले वायरमन अशा रीतीने संपले, तेव्हा अणदूरहून एक आला. तो ओसरीपर्यंतही पोचला नाही. त्याने अण्णांच्या देखत पक्कड दाताने धरली, आणि अण्णांनी त्याला चहा पाजून परत पाठवला.

मी चिडायचो. ते हसून म्हणायचे, "असू द्या, भाऊसाहेब. आमची लाईट मनकवडी हाय. तिला कशाला छेडायचं?"

ही मनकवडी लाईट मी बऱ्याचदा पाहिली. सकाळी अण्णांकडे चहाला बसलो की ट्यूब मधेच मंद व्हायची आणि थोड्या वेळाने पुन्हा उजळायची. मी मीटर लावून पाहिला, आकडा दोनशे पंचवीसवरून दोनशे पाचवर उतरायचा. अण्णा आकड्याकडे बघतसुद्धा नसत. ट्यूबकडे बघून म्हणत, "पलीकडं मोटर लावली. आज उशीर केला उठायला." एकदा ट्यूब दोनदा उतरली तर म्हणाले, "पावणे आलेत जणू. दुसऱ्यांदा पाणी तापवायलेत." मला वाटायचं, म्हातारा भिंतीला कान लावून बसतो.

एखाद्या सकाळी ट्यूब हललीच नाही, तर अण्णांचा चहा निवून जायचा. काकू म्हणायच्या, "तिकडं जाऊन विचारा की सरळ." अण्णा म्हणायचे, "मला काय करायचंय?" आणि कप बाजूला सारायचे.

मग त्यांची मुलगी सविता पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची ठरली. काकूंनी त्या दिवशी परातीतलं पीठ तसंच ठेवून अण्णांना सुनावलं, "ओली बाळंतीण नळाला हात लावंल. तुमची लाईट तिच्या मनातलं ओळखणार हाय का? आता वायरमन आत येणार. तुमी त्याला काही इचारायचं न्हाय."

अण्णांनी मान हलवली, आणि वायरमन बोलवायचं आज-उद्यावर ढकलत राहिले.

आठवड्यानंतर एका सकाळी काकू स्वतः मला बोलवायला आल्या. "अख्खं घर बंद पडलंय. गल्लीत तर सगळ्यांकडं हाय."

मी टेस्टर घेऊन गेलो. प्लगच्या दोन भोकांपैकी एकातच टेस्टर पेटायला हवा. इथे दोन्हींत पेटत होता.

"बघा," अण्णा म्हणाले, "दुप्पट लाईट आलीय, तरी बल्ब पेटंना." पण आवाजात नेहमीची गंमत नव्हती. नजर भिंतीकडे होती.

दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो याचा अर्थ परतीची वायर कुठेतरी तुटली आहे. वीज एका वायरने येते आणि दुसरीने परत जाते. तो परतीचा रस्ता बंद झाला की बल्ब पेटत नाही. मी बोर्ड उघडला आणि काळी वायर धरून निघालो. ती अण्णांच्या मेनकडे गेलीच नाही. माळ्याखालून सरकत मधल्या भिंतीशी आली आणि एका भोकातून पलीकडे शिरली. वाटणी करणाऱ्या वायरमनने येणारी वायर वेगळी केली होती, परतीची तशीच ठेवली होती. अण्णांच्या घरची वीज इतकी वर्षं बाबूरावांच्या मेनमधून परत जात होती. त्यांनी मोटर लावली की इकडची ट्यूब उतरायची ती त्यामुळे. आणि बाबूरावांचं घर आदल्या संध्याकाळी कुलूपबंद झालं होतं. गुडघ्याच्या दुखण्यामुळे मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला होता, बहुधा कायमचा. जाताना कुणीतरी मेन बंद केला होता.

"अण्णा," मी म्हणालो, "ही वायर पलीकडे जातेय."

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"भिंत झाली तवापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुमी तोडली असती."

मी स्टुलावर उभा होतो. खाली उतरायचं मला सुचलं नाही.

मी बाबूरावांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. अण्णा खिडकीकडे तोंड करून बसले. मेन बंद केलाय म्हटल्यावर पलीकडून घाईचा आवाज आला.

"मेन? कुणी पाडला? पोरानं पाडला असंल. म्या कधी पाडत न्हाय, भाऊसाहेब. लग्नाकार्याला चार दिस गेलो तरी चालूच असतो. पाडला की दादाकडं अंधार व्हतो. दादा आंधारात हाय का आता?"

"आहेत."

"समोर किराण्यावर किल्ली हाय. आधी मेन चढवा, मग बोलू."

मी किल्ली आणून मेन चढवला. अण्णांच्या घरात दिवे लागले. अण्णांनी तिकडे पाहिलं नाही.

पण रिकाम्या घरात मेन चालू ठेवणं बरोबर नव्हतं. बाबूरावांचा मुलगा फोनवर तेच म्हणाला, आणि त्याचं खरं होतं. सविताच्या येण्याला वीस दिवस उरले होते. गावातला खाजाभाई वायरमन, ज्याला अण्णांनी पूर्वी ओसरीवरून परत पाठवलं होतं, तो आला. बोर्ड उघडून म्हणाला, "मामू, ही वायरिंग न्हाय, गोधडी हाय." अण्णांनी त्याला काही विचारलं नाही. खाजाभाईने सगळ्या वायरी नव्या ओढल्या, परतीची अण्णांच्या मेनला आणली, अर्थिंगला परसात खड्डा घेतला. मी प्रत्येक जोड मोजून घेतला.

शेवटी भिंतीतली जुनी वायर काढायची राहिली. खाजाभाईने पक्कड लावली तेव्हा अण्णा उठले.

"एक बल्ब तिकडचा राहू दे."

"म्हंजे कसा, मामू?"

"हितं, माझ्या खाटेवर. तिकडं मेन चढला तरच पेटंल असा. इकडच्या लाईटीशी संबंध नको."

खाजाभाईने माझ्याकडे पाहिलं. मी हिशेब केला. दोन्ही वायरी पलीकडच्या मेनमधून आणल्या, इकडे नुसतं बटण आणि होल्डर ठेवला, तर धोका नव्हता. फक्त परवानगी हवी होती. मी पुन्हा बाबूरावांना फोन लावला. अण्णांना फोन पुढे केला तर त्यांनी हात मागे घेतला. मीच सांगितलं, बल्ब कुठे, कसा आणि कधी पेटणार ते.

बाबूरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"पांढरा लावू नका," बाबूराव म्हणाले. "पांढऱ्यानं दादाचे डोळे दुखतात. पिवळा लावा."

खाजाभाईने पिवळा लावला, आणि मी पलीकडचा मेन बंद करून किल्ली किराण्यावर परत दिली.

सविताला मुलगी झाली. काकू आता नळ उघड्या हाताने फिरवतात. बारशाला सविताचे सासरे आले, खाटेवर टेकले, आणि वर बघून म्हणाले, "अण्णा, हा बल्ब उडालाय वाटतं. बदलून टाका."

अण्णा नातीला मांडीवर घेऊन बसले होते.

"उडाला न्हाय," ते म्हणाले. "पुण्याला गेलाय."

व्याही काही न कळून हसले. अण्णांनी नातीला काकूंकडे दिलं, आणि त्या बल्बचं बटण चालूच आहे ना, ते बघायला उठले.