सुनेला उसना दिलेला आवाज

आमच्या घरात माझा आवाज ऐकल्याशिवाय कुकरसुद्धा शिटी करत नाही, हे आधीच सांगून ठेवते. तिसरीत मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर मतभेद आहेत. पण बोलण्यात मला हरवणारा माणूस एकच होता आणि तो भिंतीवर फोटोत जाऊन बसला. तेव्हापासून आमची संध्याकाळ म्हणजे ओलं पोतं. मुलगा क्रेन चालवतो. दिवसभर उंचावर एकटा बसून त्याची बोलायची सवयच मोडली. उरली सून. ती दातांच्या दवाखान्यात नंबर लावून देते आणि घरी येऊन कथा लिहिते. लिहिलेलं मला वाचून दाखवते. दिवसभरात माझं माणसांत बसणं काय ते तेवढंच.

तर तिच्या कथा मासिकाकडून परत यायच्या, भिंतीवर मारलेल्या चेंडूसारख्या. या खेपेला संपादकांनी वर लिहिलं होतं, "भाषा स्वच्छ. पण आवाज नाही." सुनेचं तोंड एवढंसं झालं. आता एकच कथा लिहिणार, म्हणाली, तीही परत आली तर कागद-पेन माळ्यावर. आमच्याकडे माळ्यावर गेलेली वस्तू खाली येत नाही.

"आवाज नाही म्हणतो ना? माझा घे," मी म्हटलं. "ढीगभर पडून आहे."

मला वाटलं, संपादकापुढे मोठ्यानं वाचायचं असेल. तसं नव्हतं. लिहिणाऱ्याची बोलायची ढब कागदावर उतरावी लागते, नाव झाकलं तरी माणूस ओळखू आलं पाहिजे, असं तिनं समजावलं. मग तर सोपंच! भांडी घासताना, कपडे वाळत घालताना मी बोलायचे आणि ती मागं मागं फिरून लिहून घ्यायची. दूधवाल्याला, भिंतीतल्या ओलीला, फोटोतल्या नवऱ्याला, सगळ्यांना सुनावलं. गरज नव्हती त्यांनाही सुनावलं. मग एका सकाळी तोंड उघडलं तर आतून नुसती पंक्चर ट्यूबची हवा आली. डॉक्टर म्हणाले, आवाज परत हवा असेल तर अवाक्षर काढायचं नाही. मुलाच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. ते मी लक्षात ठेवलंय.

तिकडे नव्या कथेचा विषय ऐकून संपादकांनी फोनवर सुचवलं, कथेतल्या सासूला पहिल्याच पानावर मारा आणि मग बोलू द्या. सुनेनं मान खाली घालून मला विचारलं. मी हातानंच सांगितलं, मार. मी मेल्यानं तिचं लिहिणं जगत असेल तर माझं काय जातंय!

कथा संपली आणि आनंदाच्या भरात तिनं संपादकांना निरोप टाकला. तो गेला नातेवाइकांच्या ग्रुपवर. "सासूबाईंना आज मारलं एकदाचं. घरात फक्त त्यांचा आवाज उरलाय. फार हलकं वाटतंय."

माझ्या धाकट्या जावेनं 'मारलं'चं 'वारल्या' वाचलं आणि पुढचं वाचलंच नाही. चष्मा करून घे म्हणून मी किती वर्षं सांगतेय! वाटेत शेजारच्या शिवणवालीला बरोबर घेऊन ती थेट आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसली. मुलाचा फोन कामावर लॉकरमध्ये. सून स्वयंपाकघरात. मी आतल्या खोलीत पडलेले, मध्ये नुसता पडदा. काय प्रकार आहे ते दोन वाक्यांत कळलं. उठणार होते, पण म्हटलं आपल्यामागं कोण काय बोलतं हे जिवंतपणी कुणाला ऐकायला मिळतं? पडून राहिले. आता कुणीतरी रडेल म्हणून वाट बघत होते.

कुणी रडलं नाही. जावेनं बरोबर आणलेल्या थर्मासातला चहा ओतला आणि म्हणाली, बाईत माया अशी नव्हती, आवाज तेवढा होता. शिवणवाली हो म्हणाली. जाऊ म्हणाली, "घर कसं शांत वाटतंय गं."

मी तोंड उघडलं. हवा गेली. आयुष्यात पहिल्यांदा उत्तर जिभेवर तयार होतं आणि देता येत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, ते थेट कानात गेलं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझा आवाज आला.

"शांत वाटतंय तर घरी जाऊन झोप. आणि तो थर्मास माझा आहे, बारशाला नेलेला. जाताना धुऊन ठेव."

माझीच ढब, माझाच ठसका, शब्द न् शब्द! जावेच्या हातून थर्मास सुटला. तो वाचवायला मी पांढरी चादर गुंडाळूनच पडद्यातून बाहेर धावले. थर्मास वाचला. जाऊ शिवणवालीच्या मांडीवर आडवी झाली.

कथा छापून आली. असा अस्सल आवाज कित्येक दिवसांत वाचला नव्हता, असं संपादकांनी कळवलं. सुनेनं मला मिठी मारली. पुढं माझा घसाही सुटला. पण आता मी काही बोलले की मुलगा ताटातून मान वर न करता म्हणतो, "आई, हे छापून आलंय."

म्हणून अक्षर लावून लावून ही हकिकत मीच लिहिली आणि त्याच मासिकाकडे धाडली. परत आली. वर लिहिलं होतं, "भाषा ठीक. पण आवाज तुमच्या सुनेचा वाटतो."

सुनेनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "खचू नका आई. आपला आवाज सापडायला वेळ लागतो."