पडलेल्या पिक्चरचे मधुकाका

पिक्चर पडल्याची खात्री झाल्याशिवाय आमचे मधुकाका तिकीट काढत नाहीत. शुक्रवारी सकाळी ते परीक्षणं वाचतात, तीन स्टार दिसले की नाक मुरडतात आणि एखाद्याला दीड मिळाला की शर्टाला इस्त्री करायला घेतात. शंभर कोटीवाल्या पिक्चरचं नाव काढलं तर म्हणतात, "तिथे माझं काय काम? लग्नात मी नसलो तर कुणाला कळतंय? आजारी माणसाला मात्र भेटून यावं."

परळच्या आमच्या इमारतीत काका माझ्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, काकू गेल्यापासून एकटे. मी स्टार बघून पिक्चर ठरवणारी बाई, त्यामुळे याबाबतीत आमचं जमत नाही. तरी त्यांच्या भेटींचा वृत्तांत मी चहा टाकून ऐकते. एकदा अख्ख्या थिएटरात ते एकटेच होते. मॅनेजर येऊन म्हणाला, "अंकल, पैसे वापस ले लो, शो कॅन्सल करते हैं." काका म्हणाले, "हमको फुरसत है. तुम चालू करो." आणि घरी येऊन मला सांगतात, "हिरो टाकाऊ, स्टोरी भंगार. पण हिरोच्या घरातल्या ओट्यावरची सांडशी बघायला हवी होतीस. वापरातली होती गं. कुणीतरी घरून आणली असणार." सांडशी घरून आणणाऱ्या त्या अनोळखी माणसाचं कौतुक मग आठवडाभर चाललं.

गेल्या महिन्यात पडला तो मात्र केतकीचा पिक्चर. केतकी तिसऱ्या मजल्यावरची. बँकेतली नोकरी सोडून लिहायला लागलेली, आणि हिंदी पिक्चरचे संवाद लिहायची ही तिची पहिलीच वेळ. ट्रेलर आला तेव्हा सगळ्या बिल्डिंगने तिच्याकडचे पेढे खाल्ले. मग शुक्रवारी एक स्टार आला. हिरोच्या बुआला, म्हणजे आत्याला, तर सगळ्यांनी झोडपलं, ही बाई बोलायची थांबतच नाही म्हणून. बिल्डिंगच्या ग्रुपवर 'सगळे मिळून जाऊ' म्हणणारे एकाएकी 'ओटीटीवर बघू' म्हणायला लागले. केतकी दार लावून बसली. तिची आई जिन्यात मला म्हणाली, "आता लिहिणार नाही म्हणते. परत बँकेत अर्ज करते म्हणते."

सोमवारी माझी बेल वाजली. दारात काका, डोक्यावर टोपी, हातात कुंकू लावलेल्या अक्षतांची वाटी.

"बुधवारी दुपारी केतकीचा पिक्चर आहे. सहकुटुंब यायचं. आहेर आणू नये."

"काका, अक्षत लग्नाची देतात."

"पडलेल्या पिक्चरची देऊ नये असं कुठे लिहिलंय? अगं, बुकिंग शून्य आहे. कुणी गेलंच नाही तर शो लावणार नाहीत. पोरीने स्वतःचं लिहिलेलं एकदा तरी माणसांत बसून ऐकायला नको?"

अक्षत हातावर पडल्यावर नाही म्हणायची आपल्याकडे सोय नाही. काकांनी दारोदार फिरून वऱ्हाड जमवलं आणि शेवटची अक्षत केतकीच्या हातावर ठेवली.

"काका, चेष्टा करताय का माझी?"

"यजमानाशिवाय कार्य होत नाही. दोन वाजता खाली ये."

ती आली. पिक्चर वाईटच होता, त्यात मी सूट देणार नाही. पण बुआने तोंड उघडलं की आमच्या रांगेतल्या बायका खुदखुदायला लागायच्या. टिंगल नव्हती ती. प्रत्येकीच्या घरात अशी एक होतीच. केतकी पडदा सोडून अंधारात आमची तोंडं बघत होती.

परतल्यावर तिने काकांना त्यांच्या दारातच गाठलं. मी माझं कुलूप काढत होते.

"काका, खरं सांगा. सोडून देऊ लिहिणं?"

काका जरा वेळ किल्ली चाचपत राहिले.

"नको गं. ही गेल्यापासून या घरात टीव्ही सोडून कुणी बोलत नाही. पिक्चर बघून आलो की त्यातलं एखादं माणूस चार दिवस माझ्याकडे राहतं. पडलेल्यातली माणसं बरी, त्यांना दुसरीकडून बोलावणं नसतं. आज तुझी बुआ येणार."

केतकीने ओढणीने डोळे पुसले.

"काका, पण ती फार बोलते. सगळ्यांनीच लिहिलंय तसं."

"बोलू दे," दार उघडत काका म्हणाले. "तेवढ्यासाठीच तर नेतोय तिला."