बर्फघरातला अंगठा

बर्फघराच्या बाहेरच्या खोलीत त्या दिवशी संगणक एक, बोटाचा ठसा घेणारं यंत्र एक, डुगडुगतं टेबल एक, मासे विकणाऱ्या बायका एकतीस आणि मांजरं चार होती. मांजरांचं तिथे काही काम नव्हतं. पण समोर जे असेल ते आधी मोजायचं, ही वर्षालीची बी. एस्सी.पासूनची सवय. मोजून झाल्यावर तिची खात्री पटली. चुकायला कुठे जागाच नव्हती!

"आते, उद्या सर बगूक येतले आणि तोंडात बोट घालतले!" ती यमुनाबाईंना म्हणाली.

"आदी आमका आमची बोटा त्या यंत्रार घालूक दी," यमुनाबाई म्हणाल्या.

यमुनाबाई म्हणजे वर्षालीच्या बापाची थोरली बहीण आणि मालवणच्या मच्छीविक्रेत्या बायकांच्या संस्थेची अध्यक्ष. साल २००९. वर्षाली मुंबईला एम. टेक. करत होती आणि तिचा प्रकल्प बेतला होता तो आत्याच्या ह्या बर्फघरावरच. तो तपासायला तिचे मार्गदर्शक देऊलकर सर उद्या यायचे होते.

भानगड अशी होती. बाजारात न खपलेले मासे बायका बर्फघरात आपापल्या पेटीत ठेवायच्या. कोणाच्या पेटीत काय आहे हे बाहेर फुटलं, की दुसऱ्या दिवशी भाव पडलाच म्हणून समजा! राधाबाईकडे चाळीस किलो सुरमई पडून आहे म्हटल्यावर तिच्याकडून चढ्या भावाने घेणार कोण? आणि हे गुपित सांभाळायचं कोणी, तर बर्फघर बघणाऱ्या लवूने. लवूच्या पोटात गुपित म्हणजे चाळणीत पाणी! मनाने माणूस देवासारखा. पण त्याच्या कानात सांगितलेली गोष्ट त्याच्याआधी बाजारात पोचायची.

म्हणून वर्षालीने सगळ्या नोंदी गुप्त लिपीत ठेवल्या होत्या. गंमत म्हणजे, त्या न उलगडताच त्यांत शोध घेता यायचा. बायकांना हे समजवायला तिला फारसा वेळ लागला नाही.

"पाटयेवरचा फडका न काढता आत बांगडो आसा काय सुरमय, ता तुमका वासान कळता मा? तसाच! संगणक शोधून देतलो, पण काय शोधल्यान ता त्येचा त्येकाच कळाचा नाय."

"म्हणजे आमच्या घोवासारखो," राधाबाई म्हणाली. "सकाळपासून शोधता. काय शोधता, त्येकाच ठावक नाय!"

सापडलेलं उलगडणार ते फक्त मालकिणीचा अंगठा लागल्यावर. पडद्यावर आपलं नाव निवडायचं, काचेवर अंगठा टेकवायचा, बस्स! सगळ्यांचे ठसे वर्षालीने शिमग्याच्या सुट्टीत घरोघर फिरून घेतले होते. आता फक्त रंगीत तालीम बाकी होती.

पहिला मान अध्यक्षांचा. यमुनाबाईंनी अंगठा पदराला पुसून काचेवर टेकवला.

"ठसा जुळत नाही."

पुन्हा टेकवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर त्यांनी असा दाबला, की टेबल एका बाजूला कललं.

"काय म्हणता ता?"

"तू तू नाय, असा म्हणता," राधाबाईने अर्थ सांगितला.

"मी मी नाय? मगे चाळीस वर्सा हयसर कोण राबता?"

राधाबाई हसत हसत पुढे झाली आणि रडवेली होऊन मागे आली. तीही ती नव्हती! संध्याकाळपर्यंत एकतीस जणींपैकी तिघी पास झाल्या. त्यातली सीता आठवडाभर तापाने घरी पडून होती, दुसरी आदल्याच दिवशी माहेराहून परतली होती, आणि तिसरी आनंदीबाई. ती नवऱ्याचे मोटारसायकलचे हातमोजे घालून मासे कापायची आणि त्यापायी रोज सगळ्यांची बोलणी खायची.

तेव्हा कुठे वर्षालीच्या डोक्यात उजेड पडला. शिमग्यात बाजार बंद, म्हणून बोटं कोरडी होती. आता तीच पहाटेपासून बर्फात आणि खाऱ्या पाण्यात! वर खवल्यांची घासाघीस. ठसे बंदराच्या पायरीसारखे गुळगुळीत झालेले. यंत्राने वाचायचं काय?

मग उपाय सुरू झाले. खोबरेल लावलं, तर काचेची घसरगुंडी झाली. आमसुलाच्या पाण्यात बोटं बुडवली, तर ती नुसती लाल झाली. त्या गडबडीत एका मांजराने काच चाटली.

"ठसा अस्पष्ट आहे. कृपया पुन्हा प्रयत्न करा," यंत्र मांजराला म्हणालं.

बायकांना त्याने एकदाही 'कृपया' म्हटलं नव्हतं!

वर्षालीने यंत्र बाजूला सारलं. "आते, शंभरात नव्वद जणी वळखूक व्हयेत, असा सरांनी सांगितलानी हा. नायतर प्रबंध फुडल्या वर्साक. आणि पदवी नाय तर जुलैतली नोकरी पण नाय."



"म्हणजे आमच्या बोटांपायी तू नापास?" यमुनाबाईंनी विचारलं.

"तुमची चूक नाय गो—"

"तू सकाळी कुडाळाक जा, सरांक घेवन ये. हयसरचा काय ता आमी बगतव."

दुसऱ्या दिवशी देऊलकर सर कुडाळ स्टेशनावर उतरले. ताटातल्यापेक्षा जवळून मासा त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. बर्फघरात पाऊल टाकताच त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि दाराशी, वाऱ्याच्या तोंडावर खुर्ची मागून घेतली. वर्षाली पुन्हा पुन्हा काच पुसत होती. यमुनाबाई मात्र न्हाऊन, गजरा माळून उभ्या.

"टेबल हालता, मी धरतंय," म्हणत लवू टेबलामागे उकिडवा बसला. बायका ओळीने येऊ लागल्या. एकेक जण नाव निवडायची, वाकायची, तिचा पदर यंत्रावर पसरायचा, आणि—

"ठसा जुळला. स्वागत आहे!"

यमुनाबाई, स्वागत! राधाबाई, स्वागत! सीता, आनंदीबाई, स्वागत, स्वागत! एकतीसपैकी एकतीस! रात्रभर बोटांना विश्रांती मिळाली म्हणून रेघा परत आल्या असणार, असा वर्षालीने मनातल्या मनात सिद्धांतही मांडून टाकला.

सर खुश होऊन उठले. "उत्तम! आता उलट चाचणी घेऊ. ज्याला प्रवेश नाही असा कोणीतरी हवा. अहो टेबलवाले, तुम्ही या."

लवू पापलेटासारखा पांढरा पडला. "मी? नको सायबानू. माजो अंगठो दुखता."

"लवूक नको!" एकतीस बायका एका सुरात ओरडल्या. राधाबाईने तर कोपऱ्यातलं मांजर उचलून पुढे केलं. "ह्येका घेवा, सायबानू! ह्येका सवय आसा!"

पण सर म्हणजे शास्त्राचा माणूस. त्यांनी स्वतः पडद्यावर राधाबाईचं नाव निवडलं आणि लवूचं मनगट धरून अंगठा काचेवर ठेवला.

"ठसा जुळला. स्वागत आहे!"

पडद्यावर पेटी उघडली. आणि इतक्या वर्षांची सवय! लवूने ते मोठ्याने वाचलं, "सुरमय, चाळीस किलो!"

"चाळीस?" आनंदीबाई उसळली. "काल माका सांगलंस, एक तुकडो नाय म्हणान!"

सरांनी यमुनाबाईंचं नाव निवडलं. स्वागत आहे! सीतेचं निवडलं. स्वागत आहे! सर निवडत गेले, यंत्र लवूचं स्वागत करत गेलं, लवू वाचत गेला, आणि अख्ख्या मालवणच्या माशांची गुपितं त्या खोलीत एकामागून एक फुटत गेली.

"लवूकाका, ह्या काय?" वर्षालीने विचारलं.

लवूने मान खाली घातली. "कोणाची बोटा चलतत, ता काल सगळ्यांनी बगला. माजी बर्फात जात नाय, मी आपलो टेबलार बसान हुकूम सोडतंय. म्हणान सकाळी सगळ्यांच्या नावार माजोच अंगठो घातलंव, आणि मगाशी पदराखालसून तोच टेकयलंय."

"पण नवीन ठसा घालूक पासवर्ड लागता!"

"तो तू घालताना तोंडातल्या तोंडात पुटपुटतंस, बाय."

सरांनी यमुनाबाईंकडे वळून विचारलं, "पण बाई, हे सगळं ह्या लवूपासूनच लपवायचं होतं ना?"

यमुनाबाईंनी पदर सावरला आणि कचेरीतली मराठी काढली. "होय साहेब. काल आम्ही सगळ्या बसून बोललो. गुपित फुटलं तर दोन दिवस भाव पडेल. पोर नापास झाली तर तिचं वर्ष जाईल. म्हणून लवूलाच बोलावलं. राधाबाईचं नुकसान सगळ्यांत जास्त होणार होतं, आणि सगळ्यांत आधी तीच हो म्हणाली."

वर्षालीला चांगलं खडसून बोलायचं होतं. ते काही जमलं नाही. तिने जाऊन राधाबाईचा गारठलेला, गुळगुळीत हात दोन्ही हातांत धरला.

"रडतंस कित्याक गो?" राधाबाई म्हणाली. "सुरमय माजी गेली!"

सरांचा रुमाल केव्हाच खिशात गेला होता. ते टेबलापाशी आले.

"लिपी कोणी फोडलेली नाही," ते म्हणाले. "शोधही बिनचूक. पण बर्फात काम करणाऱ्या हातांवर हे यंत्र चालत नाही, हे इथे कोणी आधी मोजलंय?"

"नाही, सर."

"मग कालचे आकडे आणि आजचे आकडे, दोन्ही जसेच्या तसे लिहा. तेच तुमचं संशोधन."

"आणि नव्वद टक्के?"

"त्या नव्वदांचं मी बघतो. आधी सांगा, एक सुरमई मुंबईपर्यंत टिकेल का? भाव कालचाच लावा."

राधाबाईने त्यांना सगळ्यांत मोठी सुरमई बर्फात बांधून दिली आणि भाव आजचाच लावला.

प्रबंध जूनमध्येच मान्य झाला. आभाराच्या पानावर एकतीस बायकांची नावं आहेत आणि त्यांच्याखाली लवूचं. शेवटच्या प्रकरणात निष्कर्ष असा दिला आहे:

बर्फात काम करणाऱ्या सभासदांना स्वतःच्या अंगठ्याने प्रवेश मिळाला : एकतीसपैकी तीन. लवूला त्यांच्या नावांवर प्रवेश मिळाला : एकतीसपैकी एकतीस.