करीमचाचांचा अकरावा गडी

फुटबॉल अकरा जणांचा खेळ आहे, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. नंदुरबारात मात्र आम्ही तो सहा वर्षं दहा जणांनी खेळलो, आणि त्याला कारण करीमचाचा मोची.

गावात चेंडू एकच, आणि तो चाचांचा. कातडं कापून, मेणदोऱ्यानं त्यांनी स्वतः शिवलेला. चेंडू द्यायला त्यांची ना नसे, पण अट एक. पुढे डाव्या कडेला जो गडी उभा राहतो, त्याची जागा मोकळी सोडायची. का, तर तिथे निकू खेळतो. निकू हा रुमानियातल्या एका बंदरावरचा पोरगा, आणि तो मरून बरीच वर्षं झालेली.

"चाचा, मेलेला माणूस खेळेल कसा?" मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"मास्तर, ती जागा भरेल शे," आरी न थांबवता चाचा म्हणाले. जागा भरलेली आहे, यापलीकडे पुढची सहा वर्षं मला दुसरं उत्तर मिळालं नाही.

महायुद्ध संपल्यावर चाचा बोटीवर कोळसा झोकायला होते. बोट बिघडून रुमानियाच्या त्या बंदरात महिनाभर अडकली आणि तिथे त्यांनी निकूचा खेळ पाहिला. हे गावात लहानथोरांना पाठ होतं, कारण चाचांच्या दुकानात तुमची एक चप्पल त्यांच्या हातात असते आणि उठून जाता येत नाही. निकू कसा पळे, कसा एका पायावर गर्रकन वळे, हे ऐकल्याशिवाय माझ्या चपलेचा अंगठा कधी शिवून मिळाला नाही.

एकदा तर ते भर तासाला माझ्या वर्गात आले. नकाशावर रुमानिया कुठे, म्हणाले. मी दाखवला. चाचांनी तिथे बोट टेकवलं, फक्त बोटात आरी धरलेली होती. शाळेच्या नकाशात रुमानियाच्या जागी अजून भोक आहे. साहेब तपासणीला आले की मी तिथे उभा राहत असे.

आमचं मैदान म्हणजे मिरची वाळवायची पथारी. मिरची उचलली की रिकाम्या जागेवर आम्ही. चेंडूला डोकं लावलं की डोळे अर्धा तास उघडत नसत. कडेला उभे राहून चाचा "हाइदे, हाइदे" ओरडत. निकूच्या भाषेत त्याचा अर्थ 'चला' असा होतो म्हणे. आम्ही त्यानं जोरात पळालो असं झालं नाही, पण मिरचीच्या गाड्यांचे बैल हल्ली त्या शब्दावर चालतात.

संघाचा फोटो काढायचा ठरला तेव्हा चाचांनी आम्हाला मधोमध एका माणसाची फट ठेवून उभं केलं. "जरा जवळ सरका," सुरतेचा फोटोवाला सांगून सांगून थकला. शेवटी त्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुमच्यात काही भांडण आहे का?"

हे सगळं मी सोसलं. भुसावळच्या संघाकडून दर वर्षी हरणं मात्र सोसवेना. सातव्या वर्षी माझी धुळ्याला बदली झाली. जाण्याआधी त्यांना एकदा, फक्त एकदा हरवायचं, एवढीच माझी इच्छा होती. स्टेशनवर नवा तारबाबू आला होता, डाव्या पायाचा पक्का. चाचांना न विचारता मी त्याला त्या जागी उभं केलं.

दहाव्या मिनिटाला तारबाबूनं गोल केला. सहा वर्षांत पहिल्यांदा आम्ही पुढे होतो. तेवढ्यात चाचा शांतपणे मैदानात आले, चेंडू उचलून काखेत मारला आणि घरी निघून गेले. भुसावळकर हसत हसत पॅसेंजर पकडायला गेले.

मी तणतणत त्यांचं दुकान गाठलं; राहायलाही ते तिथेच. तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं, एका मेलेल्या पोरासाठी दहा जिवंत माणसांचा तुम्ही खेळखंडोबा केलात.

चाचांनी चेंडूची नाडी आवळून बांधली. मग म्हणाले, "बोटवर तीन साल कोयसा झोका, मास्तर. समदा मले 'ए काया' म्हनेत, कोयसासारखा काया. निकूनी मन्हा छातीले बोट लाईसन नाव इचारं. करीम म्हनं, तं मैदानभर करीम करीम व्हयनं. आनि सोतानी जागा त्यानी मले दिधी. एक डाव खेयनू मी, जिंदगीमा."

"मग?"

"दुसरा साले हाऊ चेंडू शिईसन लई गऊ त्यानासाठे. तं तो तापमा मरी जायेल. बावीस सालना पोऱ्या. त्या दहाच जन खेयी ऱ्हायंतात."

चाचांच्या मागे खुंटीला संघाचा अकरावा, निकूसाठी शिवलेला सदरा टांगलेला होता. चाचांना ना बायको ना मूल. त्या खोलीत दुसऱ्या माणसाचा म्हणावा असा तेवढा एकच कपडा होता. माझा राग कुठे गेला कळलं नाही, आणि त्याचाच मला फार राग आला.

भुसावळकरांच्या हातापाया पडून पुढच्या रविवारी त्यांना पुन्हा बोलावलं. तारबाबूला बाहेर बसवलं आणि चाचांचा दंड धरला.

"चाचा, त्यानं जागा कुणाला दिली होती?"

"मले."

"मग व्हा उभे."

सदरा उंच निकूच्या मापाचा, तो चाचांच्या गुडघ्यापर्यंत आला. आम्ही चार गोलांनी हरलो. साठीचे चाचा सगळा वेळ डाव्या कडेला ताठ उभे होते. शेवटी शेवटी एकदाच चेंडू त्यांच्याकडे आला. त्यांनी तो पायानं अडवला, रेषेपलीकडे पाहिलं, हलकेच "हाइदे" म्हणाले आणि चेंडू अलगद मैदानाबाहेर दिला. मला रडू आलं. मिरचीच्या मैदानावर ते खपून गेलं.

भुसावळचा कॅप्टन माझ्या शेजारी उभा होता. "अहो, तिकडे चेंडू दिला कुणाला त्यांनी? तिकडे आहे कोण?"

"दिसत नाही का तुम्हाला?" मी त्याच्यावर खेकसलो.