भाकरीची पूर्वसंमती

राजेश्रीला ज्वारीच्या नव्या वाणाची भाकरी गावकऱ्यांना खायला घालून चव विचारायची होती. पीएच.डी.चं एवढंच काम उरलं होतं. परंतु भाकरी खाणारी व्यक्ती नियमानुसार 'मानवी सहभागी' ठरत असल्याने प्रस्ताव परभणीतल्या तिच्या महाविद्यालयाच्या नैतिकता समितीपुढे गेला.

अध्यक्ष डॉ. बन्सीधर यांनी चष्मा पुसला. "यात भाकरीचे धोके लिहिलेले नाहीत."

"सर, भाकरीचे कसले धोके?"

"घशात अडकते. जीभ पोळते. सहभागीला आधी सगळं समजलं पाहिजे, मग घास."

राजेश्रीने धोके लिहिले. प्रस्ताव परत आला. भाकरी आवडली आणि प्रकल्प संपल्यावर मिळाली नाही, तर सहभागीला होणाऱ्या विरहाचा त्यात उल्लेख नव्हता. तिने विरहही घातला. संमतिपत्र पोथीएवढं जाड झालं, तेव्हा मंजूर झालं.

गंगाखेडजवळच्या एका गावात केशरबाईंच्या ओसरीवर बायका जमल्या. चुलीवर भाकऱ्या फुगत होत्या.

"मावशी, इथं सही करा."

"आधी वाच की बाई. न ऐकता कामून सही करू?"

राजेश्री वाचू लागली. पहिल्या पानाला बायका खुदूखुदू हसल्या. 'श्वासनलिकेत अडथळा' आला आणि हसू विरलं.

"आगं माय!" मालनबाईंनी तोंडाला पदर लावला. "आमी तर लेकरायलाबी हेच खाऊ घालायलोत!"

वाचन संपेपर्यंत भाकऱ्या गार झाल्या. एकाही बाईने घास उचलला नाही, आणि आग्रह करायला नियमात मनाई होती. राजेश्रीला रडूच कोसळलं. अन्न वाया जाऊ नये म्हणून बायकांनी भाकऱ्या वाटून घेतल्या, सोबत एकेक संमतिपत्रही.

संध्याकाळी केशरबाईंचे मालक, आसाराम, शेतातून येऊन जेवायला बसले. समोर कागदांचा गठ्ठा आला.

"हे काय?"

"आधी वाचून सही करा. घशात अडकली तर जिम्मा माज्यावर नको."

"लय भूक लागलीय गं!"

"मग बिगीबिगी वाचा."

आसारामांनी थेट शेवटचं पान उघडलं, सही ठोकली आणि भाकरी मोडली. घरोघरी हेच झालं. सकाळी केशरबाईंनी सह्यांचा गठ्ठा राजेश्रीच्या हाती दिला. "आमी न्हाई खाल्ली, पण बाप्यांनी खाल्ली. समदे म्हणले, बरी हाय."

राजेश्री भीत भीत समितीपुढे उभी राहिली. डॉ. बन्सीधर यांनी शेवटची पानं तेवढी उलटली आणि त्यांचा चेहरा खुलला. "इतकी निर्दोष संमती आजवर पाहिली नव्हती!" प्रबंधाचा मार्ग मोकळा झाला. राजेश्रीने जिन्यातच पेढे वाटले.

बायकांच्या नकाराची दखल घेत इतिवृत्तात एक सूचना मात्र नोंदवली गेली: 'संमतिपत्र समजून घेणाऱ्या व्यक्ती नकार देतात, असे आढळले. यापुढे अशा व्यक्तींना संशोधनातून वगळावे.'

हसताय? आज सकाळी हवामान पाहायला मोबाइलवर नवं अ‍ॅप घेतलंत, तेव्हा 'मी सर्व अटी वाचल्या असून मला मान्य आहेत' असं तुम्ही लिहून दिलंय. अभिनंदन. समितीला तुमच्यासारखेच सहभागी हवे आहेत.