थँक यू म्हणेपर्यंत

"ही शेवटची," बायकोने बजावलं. "यात नाही जमलं, तर गुपचूप दुकान सांभाळायचं."

तो चष्म्याच्या दुकानात सेल्समन होता आणि त्याच्या सतरा ऑडिशन झाल्या होत्या. अठरावी होती एका मालिकेतल्या हृदयविकाराच्या पेशंटची. सहा महिन्यांचं काम. मार्गदर्शनासाठी मामा आदल्या दिवशीच मुक्कामाला आले. मामांचा अनुभव दांडगा. तीस वर्षांपूर्वी त्यांनी एका नाटकात हवालदार केला होता. वाक्य एकच, तेही दुसऱ्या प्रयोगापासून कापलेलं. पण माणूस शिकवायला बसला की एवढी शिदोरी भरपूर होते.

"ऑडिशनचे काही शिष्टाचार असतात," मामा म्हणाले. "ते लोक खिडकीतून बघत असतात. फाटकापासूनच भूमिकेत शिरायचं."

"आणि बाहेर कधी पडायचं?"

"समोरचा 'थँक यू' म्हणाला की. त्याआधी भूमिका सोडलीस तर मला मामा म्हणू नकोस!"

'थँक यू' त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं. सतरा वेळा ऐकलेलं, बहुतेकदा नाव सांगून होण्याआधीच.

फाटकाशीच त्याने छाती धरली. लिफ्ट बंद, म्हणून तीन जिने छाती धरूनच चढला. वरच्या व्हरांड्यात हृदयविकाराचे वीसेक उमेदवार गप्पा छाटत बसले होते. त्यांच्या अज्ञानाची कीव करत तो भिंतीला टेकून हळूहळू खाली घसरला.

"अहो, काय होतंय?" वॉचमन धावला.

"डावा... हात..."

"घाम बघा किती आलाय!" एक उमेदवार ओरडला. "हे नाटक नाही!"

घाम तीन जिन्यांचा होता. गडबड ऐकून कास्टिंगवाले साहेब बाहेर आले, याला बघून पांढरेफटक पडले. "अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा!" ते किंचाळले.

'थँक यू' काही म्हणाले नाहीत. म्हणजे ऑडिशन चालू आहे, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने डोळे मिटले.

अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा तो मनातून खूश झाला. मोठी कंपनी, काटकसर नाही. हॉस्पिटलही अस्सल वाटत होतं, नर्ससुद्धा अगदी नर्ससारखी खेकसत होती. इंजेक्शन मात्र जरा जास्तच खरं लागलं. तरी तो भूमिकेला धरून कण्हला.

"रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत," डॉक्टर चिंतेने म्हणाले. "म्हणजे आणखी तपासण्या कराव्या लागतील. ठेवू दोन दिवस."

बायको रडत आली. ती खरंच रडत होती. तिच्या नाकाचा शेंडा लाल झालेला पाहून त्याला पहिल्यांदा शंका आली. कंपनीने बायकोलाही घेतलं असेल? तो खरं काय ते सांगायला तोंड उघडणार, तोच मागून मामा दिसले. मामांनी डोळे वटारले. त्याने तोंड मिटलं.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. त्याच्या अर्जावर तिचाच नंबर होता. तिने स्पीकर लावला.

"मी कास्टिंगवाला बोलतोय. कसे आहेत ते? वाईट वाटतं हो. व्हरांड्यात पाहिलं आणि म्हटलं, भूमिकेचा चेहरा हाच. पण सहा महिने शूटिंग, धावपळ. आम्हाला पेशंट दिसणारा माणूस हवाय, पेशंट नको. म्हणून दुसऱ्याला घेतलं. काळजी घ्या. थँक यू."

तो ताडकन उठून बसला. "साहेब, मला काही झालेलं नाही! मी अभिनय करत होतो!"

साहेब प्रेमाने म्हणाले, "आराम करा हो. खरं कुठलं आणि अभिनय कुठला, एवढं कळतं आम्हाला. वीस वर्षं हेच करतोय."

फोन बंद झाला. बायकोने डोळे पुसले आणि ती त्याच्याकडे एकटक पाहत राहिली.

"चूक झाली," मामा हळूच म्हणाले. "थँक यूनंतर बोलायचं नसतं."