विंग चुनची चौकशी

मोनालीने फॉर्म ताटाशेजारी ठेवला तेव्हा तिचे वडील भाईदासनाना वरणात बट्टी कुस्करत होते. फॉर्मवर पालकाची सही तेवढी राहिली होती. जळगावच्या एका शाळेत मुलींना स्वसंरक्षण शिकवायला शिक्षिका हवी होती आणि शाळेच्या मोठ्या बाईंनी मोनालीला जवळजवळ हो म्हटलं होतं. अट एकच, जूनच्या आत कुठल्यातरी मार्शल आर्टचं तीन महिन्यांचं प्रमाणपत्र आणायचं. बी.पी.एड. होऊन दोन वर्षं मोनाली घरी बसली होती. ही नोकरी हुकली तर येत्या हंगामात घरचे आपलं लग्न उरकणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"विंग चुन म्हनजे काय?" नानांनी फॉर्म उष्ट्या हातापासून लांब धरत विचारलं.

"कुंग फूचा प्रकार आहे, नाना. चिनी. ताकद कमी लागते, जवळून मारायचं असतं. बाईमाणसाला बरं पडतं."

"अजून कोनते प्रकार हाये?"

"सरांकडे तीन आहेत. शाओलिन, ताय ची आणि हा."

"मंग हाच कामून?"

आता नानांना दोष देण्यात अर्थ नाही. यावल तालुक्यातला केळीवाला माणूस. दुसऱ्याच्या शेतात उभं पाहिल्याशिवाय त्यांनी जन्मात कुठलं वाण लावलं नव्हतं. टिशू कल्चरची रोपं आली, निम्म्या तालुक्याने लावून पैसेही केले, तेव्हा नाना तीन वर्षं जीप करून लोकांच्या बागा पाहत हिंडत होते. मोठ्या मुलीचा नवराही त्यांनी असाच त्याच्या दुकानासमोर दोन दिवस उभं राहून पाहिला होता. जावयाला ते अजून माहीत नाही.

"रविवारी जाऊन पाहू," नाना म्हणाले.

"रविवारी शेवटची तारीख आहे."

"मंग रविवारीच तं म्हनतो."

रविवारी गाडीत मंदाआत्याही बसली. ही नानांची थोरली बहीण, सासर धुळ्याचं. गुडघे दाखवायला म्हणून आठ दिवसांसाठी आली होती, त्याला आता चार महिने झाले होते. गाडीत जागा रिकामी जाते हे तिला बघवत नसे.

क्लास जळगावच्या एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये भरायचा. हितेंद्र सर काळ्या पायजम्यात दाराशीच भेटले. "बरं झालं आलात. दोनच जागा राहिल्यात," ते म्हणाले.

"जागेचं पाहू मांगून," नाना म्हणाले. "पहिले उभं पीक दाखवा."

सरांना कळेना. मोनालीने मान खाली घालून सांगितलं, "जुना विद्यार्थी दाखवा म्हणतायत. विंग चुनचा."

सरांनी अभिमनला पुढे केलं. हा एका कचेरीतला कारकून, सहा वर्षं शिकत होता. नाना त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. मग वाकून त्याची पोटरी दाबून पाहिली.

"घेर कमी हाये," ते स्वतःशीच म्हणाले. "निसवला कधी हा?"

अभिमनने मोनालीकडे पाहिलं. केळीचा घड बाहेर पडतो त्याला निसवणं म्हणतात, हे त्याला कोण सांगणार? "किती दिवसांत जमायला लागलं, असं विचारतायत," मोनाली म्हणाली.

"दहा-अकरा महिन्यांत हात बसला, काका."

"म्हनजे केळीइतलंच." नानांचं समाधान झालेलं दिसलं. मोनालीच्या जिवात जीव आला. तेवढ्यात नाना म्हणाले, "वाऱ्यात टिकतो का?" आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी दोन्ही हातांनी अभिमनला ढकललं. तो बिचारा अदबीने हात जोडून उभा होता. तो थेट मागच्या खुर्च्यांच्या थप्पीवर गेला.

"पडला," नाना म्हणाले. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं.

"अहो, तो तयार नव्हता," सर म्हणाले.

"वारा काय सांगून येतो का, सर?"

"नाना, माणूस आहे तो. खोड नाही," मोनाली म्हणाली. पण नानांचं ठरलं होतं. नवीन वाणाबद्दल शंका असली की ते आधी बांधाला पाच झाडं लावून पाहत. "पोरीले एकदम नही लावायचं. पहिले आपन लावून पाहू," ते म्हणाले. त्यांनी एक कोरा फॉर्म मागून घेतला, विंग चुन वाऱ्यात पडलं म्हणून शैलीच्या रकान्यात शाओलिन लिहिलं आणि आपलंच नाव टाकून आपणच सही केली.

इकडे हॉलच्या दुसऱ्या टोकाला ताय चीची रांग सावकाश हात फिरवत होती. मंदाआत्या केव्हाच त्या रांगेत जाऊन उभी राहिली होती. "हाई काय शे? पीठ मळाना सारखंच शे," ती शेजारणीला म्हणाली. दहा मिनिटं झाली तरी गुडघा दुखला नाही, तेव्हा तिनेही फॉर्म मागितला. त्या दोन जागा भरायला सर तीन रविवार झगडत होते. त्यांनी दोन्ही फॉर्म टेबलाच्या खणात टाकले.

"मग मी?" मोनालीने विचारलं.

"तुमचं पुढच्या तुकडीत करू. दिवाळीनंतर."

"तवर आपल्याले कळूनच जाईल," नाना म्हणाले.

परतताना मोनालीला नानांचा इतका राग आला होता की भुसावळपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत डोळे पुसत होती. नानांना वाटलं, धूळ गेली असेल. त्यांनी काच वर घेतली.

पुढचे तीन महिने दर रविवारी भाऊबहीण सकाळच्या एसटीने जळगावला जात आणि केळीच्या कापणीवर मोनाली उभी राही. घरी आल्यावर दोघांनाही काही आठवत नसे. मग मोनाली मोबाईलवर व्हिडिओ लावून बसे. "आत्या, वजन मागच्या पायावर. खांदा सोड." बघता बघता आत्याची ताय ची मोनालीला तोंडपाठ झाली. नाना मात्र बागेत घोड्यावर बसल्यासारखे पाय फाकवून उभे राहत आणि घड वाहणारे मजूर वाट सोडण्याची वाट पाहत मागे थांबत. शेवटी दोघांना प्रमाणपत्रं मिळाली. आत्याने आपलं आधार कार्डाच्या पिशवीत घातलं.

जूनमध्ये मोनाली प्रमाणपत्र झालं नाही असं सांगायला शाळेत गेली. आत्या सोबतीला होतीच.

"वाईट वाटतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण महिन्यात तपासणी आहे, फाइलला प्रमाणपत्र लागतं. काहीच नाही का?"

"माझ्याकडे नाही, मॅडम."

"मन्हाकडे शे," म्हणत आत्याने पिशवी सोडली.

बाईंनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला. मग आत्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. "सोमवारपासून येता का?"

मोनाली तो कागद परत घ्यायला पुढे झाली. आत्या मात्र जराही गडबडली नाही. "येस ना. पन मी एकली येवाव नही. हाई पोर संगे पाहिजे. मी इसरी जास, ती याद कराडी देस."

तर प्रशिक्षक म्हणून मंदाबाईंचं नाव लागलं आणि मोनालीचं मदतनीस म्हणून. पहिला आठवडा आत्या मैदानातल्या निंबाखाली खुर्ची टाकून आकडे मोजत होती आणि मोनाली मुलींकडून करून घेत होती. दुसऱ्या आठवड्यात गुडघे चांगले झाल्याचं आत्याच्या ध्यानात आलं आणि ती धुळ्याला निघून गेली.

मोनाली एकटीच मैदानावर उभी राहिली, तेव्हा साठ मुली रांगेत ताठ होऊन म्हणाल्या, "नमस्ते, मंदाबाई मॅडम." मोनालीने त्यांची चूक सुधारली. दुपारी मोठ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. आत आल्यावर दार लावलं, खुर्ची पुढे केली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मंदाबाई, फाइलला हेच नाव आहे. तपासणी होईपर्यंत जरा सांभाळून घ्या."